तिसरं लागलं

ये गं लेकी, जरा जवळ सरकून बस. आणि तो मोबाइल आधी पालथा ठेव. मी कागदावर लिहून राहिले म्हणून काय झालं, माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. मी बोलताना मधेच कुणी कुकर बंद करायला उठलं की मला राग येतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. रागावत नाही मी तुझ्यावर. पण मागच्या खेपेला फोनवर तू जे बोललीस, ते माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलंय. तू म्हणालीस, "मावशी, आता सगळं आहे की. अंगणवाडी आहे, गरम जेवण आहे, पाकिटं आहेत, दवाखाना आहे. तरी ह्या बायका लेकरं मोंढ्याच्या धुळीत कशाला घेऊन जातात?"

माझ्या धाकट्या बहिणीची लेक तू. शिरूर अनंतपाळच्या त्या दोन खोल्यांतून शिकून निघालीस आणि आज शहरात लेकराबाळांच्या योजनांच्या हापिसात बसतेस, हे मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते. पण बाई, 'सगळं आहे' असं एकदम म्हणू नये. घरात पीठ आहे, तवा आहे, काडीपेटी आहे. पण भाकरी थापायला बाईच घरात नाही, तर काय करायचं?

आमचं घर तू पाहिलंस. अहमदपूरच्या मोंढ्याच्या मागची गल्ली, पुढं दुकान, मधे आम्ही, मागं भाड्याची खोली. तुझ्या काकांना लकवा मारल्यापासून दुकान मीच बघते. मधूनमधून आत जाऊन त्यांची कूस बदलायची, तोंडात पाणी घालायचं, परत गल्ल्यावर येऊन बसायचं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पुड्या बांधायच्या रद्दीवरनं एकेक अक्षर जुळवत वाचायला शिकले आणि पाटीवर भाव लिहिता लिहिता लिहायला. गल्लीतले लहानथोर मला अव्वाच म्हणतात.

मागच्या खोलीत बिलोलीकडची एक पोरगी राहायला आली. नवरा बोअर पाडायच्या गाडीवर, आज कर्नाटकात तर उद्या तेलंगणात, महिना महिना तोंड दाखवायचा नाही. ही मोंढ्यात, धान्याच्या त्या बाजारात, एका अडत्याच्या दुकानी, अडतीवर, चाळणीला जायची. तुला चाळणी म्हणजे पिठाची आठवेल, तशी नव्हे. माणसाएवढी लोखंडी चाळणी, दोन बायकांनी दोन बाजूंनी धरायची आणि पोत्यामागून पोतं सोयाबीन तिच्यावर हलवायचं. संध्याकाळी त्या बायका घराकडं निघाल्या की भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. मी तिला म्हणायचे, "अगं, सकाळी सून गेली आन् सासू परत आली का काय?" ती हसायची. हसली की धुळीतून दातच तेवढे दिसायचे.

तिला एक पोरगं. रांगून नुकतंच चालायला लागलेलं. दुकानात आलं की त्याला एकच खेळ. आपला तो इलेक्ट्रिकचा काटा आहे ना, गूळ-साखर तोलायचा, त्याच्यावर जाऊन बसायचं. बसलं की लाल आकडे उजळायचे आणि हे टाळ्या पिटायचं. गिऱ्हाईक थांबलेलं असलं तरी उठायचं नाही. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "अव्वा, हे काय भावानं दिलंय?" मी म्हणलं, "हे इकाऊ न्हाई, हे दुकानाचं मालक हाय."

आधी ती त्याला मोंढ्यातच न्यायची. पत्र्याच्या आडाला झोळी बांधायची आणि चाळणीवरनं एक डोळा तिकडं ठेवायची. पोरगं खोकून खोकून निळं व्हायचं. मग अडत्यानं सांगितलं, "बाई, लेकरू घेऊन यायचं न्हाई. इथं पोत्याच्या थप्प्या हायत, एखादी घसरली तर मी तुला काय तोंड दाखवू?" त्याचं खोटं नव्हतं. थप्पी घसरलेली मीसुद्धा पाहिलीय.

म्हणून मग पोरगं माझ्याकडं राहायला लागलं. काही महिने निभलं. एके दिवशी मी आत तुझ्या काकांची कूस बदलत होते. त्यांचं अंग म्हणजे ओलं पोतं, मधे सोडून देता येत नाही. बाहेर आले तर काट्यावर कुणी नाही. समोरची बाई पोराला काखेत मारून आली. म्हणाली, उघड्या नालीच्या काठाला बसून ते आत हात घालत होतं. त्या संध्याकाळी त्याच्या आईनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट म्हणाली, "अव्वा, तुम्ही तरी काय करताव? दोन हातात दोन माणसं कशी धरावी?"

आता अंगणवाडीचं सांगते. तुला नियम पाठ असतील, पण मी आमच्या बाजूनं सांगते. तीन वर्षं पुरी झालेलं लेकरू तिथं बसतं, गाणी म्हणतं, खिचडी खातं. त्याच्या आतल्याला बसायला जागा नाही, त्याला घरी न्यायची पाकिटं. आईनं घरी शिजवून घालावं, असा त्यातला हिशेब. आई घरीच असते, असं कुणीतरी धरून चाललंय.

आम्ही दोघी पोराला घेऊन गेलो. अंगणवाडीची ताई भली बाई. माझ्या दुकानातून साबण नेते, घरचं सुखदुःख बोलते. तिनं विचारलं, "कितवं चालू हाय?"

पोरगी म्हणाली, "तिसरं लागलंय."

ह्यात खोटं काही नव्हतं, बरं का. दोन सरून वरती थोडं झालं होतं, म्हणजे तिसरं लागलंच होतं. आपल्याकडं वय असंच सांगतात. सरलेलं कोण मोजतं, लागलेलं सांगतात. ताईनं पोराकडं पाहिलं. मग आईच्या हातांकडं पाहिलं, धूळ नखांत बसलेली. आणि म्हणाली, "तीन ना? मी तीन लिहून राहिले." पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी पोराचं नाक पुसत होते.

तू म्हणशील, असं कसं लिहिलं? अगं, वयाचं आपल्याकडं कधी काय खरं होतं? तुझ्या आईला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी तिचा हात डोक्यावरनं घ्यायला लावला. बोटं दुसऱ्या कानाला टेकली, झाली सहा वर्षांची. माझं वय तर आधारकार्डवाल्यानं ठरवलं, तारीख एक जून. माझी एक जून, तुझ्या काकांची एक जून, गल्लीतल्या दोन हमालांची एक जून. सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी, जत्राच भरवावी. वयानं आमचं कधी काही अडलं नव्हतं. त्यामुळं एका वर्षाचा फरक म्हणजे काय मोठं, असं सगळ्यांनाच वाटलं.

आणि खरं सांगते, ते दिवस बरे गेले. सकाळी ती त्याला अंगणवाडीत सोडायची, दुपारी दुकान बंद करून मी आणायचे. आणलं की ते झोपायचं. ती बिनघोर चाळणी मारायची. एकदा तर अडतीवरचा मुनीमच मला म्हणाला, "अव्वा, तुमची भाडेकरीण आता गाणं म्हणून राहिली चाळणीवर."

अंगणवाडीत दर महिन्याला वजन घेतात. वजन मोबाइलमध्ये भरलं की लेकरू हिरव्यात आहे का पिवळ्यात का लाल, ते मोबाइलच सांगतो. पहिल्याच खेपेला हा लाल आला. ताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अव्वा, फिकीर करू नका. मोबाइल त्याला तीनचं समजून राहिला, म्हणून हलका दिसतोय. वयाचा फरक हाय."

मी तेच त्याच्या आईला सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. हसून म्हणाली, "म्हणजे माझं पोरगं मोबाइलमधीच बारीक हाय म्हणा की."

दुसऱ्या महिन्यात तसंच. तिसऱ्यात तसंच. वयाचा फरक. गल्लीत कुणी म्हणालं, पोराची मान बारीक दिसतीय, की आम्ही सांगायचो, वयाचा फरक. वरच्या मॅडम तपासायला आल्या तर ताईनं, आजारी होतं, म्हणून वेळ मारून नेली. तिनं दुसरं काय करायचं होतं? खरं सांगितलं तर पोराला घरी पाठवावं लागलं असतं.

मी दुपारी आणायला जायचे तेव्हा पाहायचे. चार-पाच वर्षांची पोरं रांगेत बसून भराभरा जेवायची आणि हात धुवायला पळायची. ह्याला अजून घास धरता येत नव्हता. दोन दाणे तोंडात, चार मांडीवर. भरवायला कुणी लागतं की नाही? मदतनीस एकटीच, तिनं स्वैपाक करावा, भांडी घासावी, मोठ्यांची भांडणं सोडवावी का ह्याला एकेक घास घालावा? मोठी पोरं उठली की हाही ताट सोडून उठायचा. त्यात मोठ्यांच्या मागं लागून हौदाचं पाणी प्यायचा, मग पोट बिघडायचं. बरं व्हायचं, परत बिघडायचं.

मला कळलं ते काट्यावरनं. अजून तो रोज येऊन बसायचा. एके दिवशी माझ्या ध्यानात आलं, आकडा दिवाळीला होता तिथंच शिमग्यालाही आहे. वय एक असो का शंभर, लेकरू वाढतं तर आकडा पुढं सरकायला पाहिजे की नको? आणि दुसरी गोष्ट, तो टाळ्या वाजवायचा थांबला होता. नुसता बसून राहायचा आणि आकड्याकडं बघायचा.

त्याच आठवड्यात नर्सबाई लसीकरणाला आल्या. त्यांनी पोरांच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळून बघितली. ह्याच्या दंडाला गुंडाळली तर लाल. ताई पुढं होऊन म्हणाली, "बाई, त्याचं असं हाय, तो खरं तर तीनचा न्हाई…"

नर्सबाई म्हणाल्या, "ताई, ही पट्टी वय इचारत न्हाई. दोनचा आसंना का चारचा, दंड एवढा बारीक असायला नको."

 ताईनं पदर तोंडाला लावला. पोराची आई तिथं नव्हती, ती चाळणीवर होती. पोरगं पट्टी ओढून खेळत होतं.

लातूरला असल्या लेकरांसाठी वेगळा वॉर्ड आहे, तिथं आईला बरोबर राहावं लागतं, दोन-एक आठवडे. मी मोंढ्यात जाऊन मुनीमाला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या की, कोण आडवतंय. पण चाळणी मोकळी ठेवता येत न्हाई, अव्वा. दुसरी बाई लावावी लागंल." पोरगी एवढंच म्हणाली, "लावा म्हणावं." आणि गेली.

मी एकदा भेटून आले. पोरगं डोळे उघडून बघत होतं, वाटीतलं चाटूनपुसून खात होतं. आणि ती कॉटवर बसून जेवत होती. मला म्हणाली, "अव्वा, बसून दोन टाइम जेवायला मिळून राहिलं. न्हाणी सोडून असं कधी बसले न्हवते." न्हाणी म्हणजे बाळंतपण, तू विसरली असशील. डॉक्टरीणबाईंनी तिला पोराचा जन्म विचारला तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं, दिवाळीच्या पाडव्याचा. कितव्या दिवाळीच्या तेही सांगितलं. औषधं वयावर देतात, तिथं फिरवून बोलायची तिची हिंमत झाली नाही. बरोबरच केलं तिनं.

पोरगं सुधारून आलं. गालांवर जरा मांस. पण आता त्याचं खरं वय दवाखान्याच्या कागदावर आलं होतं. वरच्या मॅडम म्हणाल्या, "ह्याला इथं बसवता येत नाही. तीन पूर्ण झाल्यावर आणा. तोवर पाकिटं मिळतील." ताई खाली मान घालून उभी. मी मॅडमना म्हणलं, "मॅडम, त्याला पाकीट नको, माणूस पायजे." त्या म्हणाल्या, "आजी, माझ्या हातात आहे तेवढंच मी बोलते." आवाज चढवून नाही म्हणाल्या. दमलेल्या दिसत होत्या, बिचाऱ्या.

मग पाकीट आणायला मी पोराला घेऊन गेले. तर आता मोबाइलला आईचं तोंड दाखवावं लागतं. फोटो जुळला तरच पाकीट. मी म्हणलं, "माझं तोंड घे की गं, एवढी वर्सं वापरलंय, कुठं चोरीचं न्हाई." ताई हसली आणि डोळे पुसले. "अव्वा, तुमचं तोंड मला चालतंय, ह्याला चालत न्हाई." आई येणार कधी? अंगणवाडी उघडी असते तेव्हा ती मोंढ्यात. मोठ्या मिनतवारीनं दुसऱ्या अडतीवर चाळणी मिळाली होती, तिथं नवीन म्हणून सुट्टी मागायची चोरी. एकदा पळत पळत आली तर मोबाइलला रेंज नाही. एकदा रेंज होती तर तोंडावरच्या धुळीनं फोटो जुळेना. हातपंपावर जाऊन तोंड धुऊन आली, तेव्हा जुळला.

आणि दिवसभर पोराला बघायचं कुणी? परत मी, परत नाली, परत तुझे काका. मलाच झोप लागेना. ती रोज संध्याकाळी येऊन आधी पोराला वरून खालपर्यंत चाचपायची, मग चपला काढायची.

शेवटी तिनं त्याला बिलोलीकडं आपल्या आईजवळ ठेवायचं ठरवलं. मला विचारलं, "अव्वा, काय करू?" मी काय सांगणार होते? आजीच्या मायेला तोड नसते, एवढं म्हणले. पण ती आजीही रोजानं शेतात तण निंदायला जायची, हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही. आजी म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं भिंतीला टेकून बसलेली म्हातारी येते. कामाला जाणारी आजी कुणाला दिसतच नाही. ती रानात गेली की पोरगं शेजारच्या शाळकरी पोरीच्या काखेला.

सोयाबीन मोंढ्यात यायला लागलं होतं. पोरगी आपला फोन माझ्याकडं ठेवून जायची, धुळीनं बिघडतो म्हणून. दुपारी तो वाजला. पलीकडून तिचा भाऊ. काल सकाळपासून जुलाब होत होते, आई रानात होती, संध्याकाळी कळलं. गाडी मिळता मिळता उशीर झाला. बिलोलीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. "अव्वा, अक्काला तुम्हीच सांगा," म्हणाला आणि ठेवून दिला.

मी दुकान तसंच उघडं टाकून निघाले. मोंढा भरलेला, ट्रॅक्टरला ट्रॅक्टर लागलेलं, हमालांची आरडाओरड. अडतीवर पोचले तर दोघी चाळणी हलवत होत्या, वर धुळीचा ढग. कोणती ती हे आधी ओळखूच येईना. तिनंच मला पाहिलं. चाळणी न थांबवता ओरडली, "काय अव्वा, सोयाबीन इकायला आलाव का काय? भाव पडलेत, उद्या या!" बाकीच्या बायका खो खो हसल्या.

मी तशीच पुढं गेले. तिचा फोन माझ्या हातात होता. तो तिनं बघितला आणि तिचं हलवणं हळूहळू थांबलं. समोरची बाई अजून हलवतच होती, म्हणून चाळणी तिरपी झाली आणि सगळं सोयाबीन एका बाजूनं सांडलं. ती खाली बसली आणि ते दाणे गोळा करायला लागली. दोन्ही हातांनी, भराभरा. मुनीम म्हणत होता, राहू दे बाई, राहू दे. ती ऐकेना. आम्ही दोघी-तिघींनी तिला उचललं तेव्हा मुठी उघडता उघडेनात.

गावी रानाच्या बांधाला पुरलं त्याला. ती काही दिवसांनी परत आली आणि परत चाळणीवर गेली. माझ्या दुकानात यायची, पण काट्याकडं बघायची नाही. मी तो काटा खाली फळीवर ठेवला. एकदा साखर घेता घेता म्हणाली, "अव्वा, चाळणी मारली न्हाई तर काय खाऊ घालू त्याला? आन् मारली तर…"  पुडी उचलून गेली.

आता तू मला सांग लेकी, ह्यात चोर कोण? ताईनं दया केली. नर्सबाईंनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी लेकरू उभं केलं. मॅडमनी नियम पाळला. अडत्यानं थप्पीची भीती घातली ती खरीच होती. पाकीट होतं, खिचडी होती, वॉर्ड होता. नव्हतं काय, तर आई कामावर असताना त्या पोराला एकेक घास भरवणारं, त्याचं ढुंगण धुणारं, ते नालीकडं निघालं की मागं पळणारं एक माणूस. मोंढ्याच्या एका कोपऱ्यात एक खोली आणि तिच्यात पगारावर बसलेली एक बाई, सकाळी चाळणी सुरू होते तेव्हापासून ती थांबते तोपर्यंत. तुझ्या हापिसात असलं काही कागदावर असेलही. मी ताईला विचारलं, ती म्हणाली, असं पाळणाघर निघणार असं ऐकलंय, पण आपल्याकडं अजून आलेलं न्हाई.

आणि हे सगळं मी आज का लिहून राहिले, ते सांगते. तिला परत दिवस गेलेत. नवरा मधे येऊन गेला होता. दिवाळीच्या सुमाराला मोकळी होईल, म्हणजे ऐन सोयाबीनात. अजून चाळणीवर जाते, पोटाला पदर घट्ट बांधून. मला काही विचारत नाही, पण रात्रीचं जेवण झालं की माझ्या दारात येऊन बसते. लेकरू माझ्याकडं ठेव म्हणायचीही सोय नाही. माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, आणि तुझ्या काकांचं तर तू जाणतेसच.

म्हणून म्हणते, तू ये. मला साडी आणू नको, मिठाई आणू नको. तुमच्या साहेबांना यायचं असेल तर त्यांनाही आण, मी त्यांना चहा पाजीन आणि मोंढ्यात नेऊन बसवीन, दिवसभर. नाही आले तर तू एकटी ये. लातूरपर्यंत रेल्वे आहे, तिथून अहमदपूरला एसटी मिळते, स्टँडवर कुणालाही अव्वाचं दुकान विचार. दिवाळीच्या सुट्टीत येते म्हणून नेहमीसारखं लांबवू नकोस गं. तवर ती मोकळी झालेली असेल आणि लेकरू कुणाच्या तरी हातात द्यावं लागेल. त्याच्या आधी ये. लवकर ये.